स्टिअरिंगची खटखट

पिकअपचं स्टिअरिंग फिरवताना येणारा ‘खट्’ असा आवाज बहुतेक वेळा जिथून आल्यासारखा वाटतो, तिथून येत नाही. चासी आणि केबिनचा पत्रा तो वाहून नेतात, म्हणून डाव्या चाकातली खटखट ड्रायव्हरला पायाखाली ऐकू येते. कानापेक्षा हात भरवशाचा.

पहिली तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवायचं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटं टेकवायची. झिजलेला टायरॉड एंड बोटांना हलकी टिचकी मारतो. ठोका स्टिअरिंग धरलेल्या हातातच जाणवला, तर संशय कॉलमखालच्या शाफ्टच्या क्रॉसवर जातो; त्याचं ग्रीस सुकलेलं असतं.

मग पुढचं चाक जॅकवर उचलून खाली घोडी लावतात. चाक दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवल्यावर प्ले लागला तर टायरॉड. वर-खाली धरून लागला तर बॉलजॉइंट किंवा बेअरिंग. इथे एक जुनी युक्ती आहे: कोणीतरी ब्रेक दाबून धरायचा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉलजॉइंट. बॉलजॉइंट निखळला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं, त्यामुळे त्याला उद्यावर ढकलणं परवडत नाही.

स्टॅबिलायझरची लिंक मात्र खड्ड्यातच जास्त बोलते. टायरॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.