घडीतली वाळू

जुन्या दप्तरातलं पत्र उलगडलं की अक्षरांच्या आधी वाळू खाली येते. ओली शाई सुकावी म्हणून कारकुनाने भुरभुरवलेली ती बारीक, चकाकती वाळू दोन-अडीचशे वर्षं घडीत अडकून राहिलेली असते. आपण घडी मोडतो आणि ती मांडीवर येऊन पडते. हे मला पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर अडीच वर्षं मी अठराव्या शतकावरच काम करत होते, पण माझं अठरावं शतक छापील होतं. निवडलेली, बाळबोधीत उतरवलेली, मागे सूची जोडलेली पत्रं. त्यातून वाळू कशी सांडणार?

माझा विषय पुणे प्रांतातल्या पेठा आणि आठवड्याचे बाजार. दोन प्रकरणं लिहून झाली होती, तिसरं हलेना. एके दिवशी गाइडबाईंनी एका जुन्या संस्थेला चिठ्ठी लिहिली आणि मला म्हणाल्या, "तीन महिने तिकडे जाऊन बस. सांगतील ते काम कर. आपलं काही शोधायचं नाही तिथं." मला रागच आला. फेलोशिपचे महिने मी बोटांवर मोजत होते. "आणि प्रबंध?" मी विचारलं. "तो कुठे पळून जात नाही," बाई म्हणाल्या आणि पुढचं वाचायला लागल्या.

संस्थेत वरच्या मजल्यावर एक लांब खोली होती. वेखंडाचा आणि डांबरगोळ्यांचा वास, दोन पंखे, आणि भिंतभर मांडण्यांवर रुमाल. हातात धरायचा रुमाल नव्हे. दप्तरखान्यात रुमाल म्हणजे चौकोनी जाड कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. तिथले सगळं पाहणारे काका सत्तरीला टेकलेले होते. पदवीचं त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चाळीसएक वर्षं ते मोडी वाचत होते. त्यांनी एक रुमाल समोर ठेवला, पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा सरकवला. एका कागदाला एक कार्ड: क्रमांक, तारीख, कोणाकडून, कोणास, विषय, कागदाची अवस्था. विषयाला दोन ओळी.

मोडी मी शिकले होते, म्हणजे वर्गात शिकले होते. खरा कारकून आधी शिरोरेघ पानभर ओढून घेतो आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबकळत सोडतो. कुठला शब्द कुठे संपला, ते त्याचं त्याला ठाऊक. पहिल्या दिवशी माझी चार कार्डं झाली, त्यातली दोन काकांनी परत केली. तारखांनी तर जीव काढला. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख. वर्ष अरबी शब्दांत, तेही एकं आधी, मग दहं, मग शेकडा. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार. ११७१ झाले. हे सुहूर सन, मृग नक्षत्राला बदलणारं. त्यात ५९९ मिळवायचे, की १७७० सालचा मृग येतो. तिथून पुढच्या मृगापर्यंत ते एक वर्ष. पावसाच्या तोंडावर वर्ष बदलणारी ही कालगणना मला आजही इंग्रजी कॅलेंडरपेक्षा शहाणी वाटते. शेतसारा ज्याच्यावर मोजायचा, त्या पिकाचं वर्ष तिथूनच तर सुरू होतं.

माझ्या वाट्याला आलेला रुमाल एका घराण्याच्या कोठीचा निघाला. तूप किती, दिव्याला तेल किती, श्राद्धाला कणीक किती, आजारी बैलाला गूळ किती. बाजारभाव सापडेल म्हणून मी भराभर चाळायला लागले, आणि जे आपल्या कामाचं नाही ते परत घडी घालून ठेवायला लागले. काकांच्या लक्षात आलं. जवळ येऊन बसले. "तुझ्या कामाचा नाही, म्हणून गुंडाळून ठेवू नकोस गं. कोणाच्या तरी कामाचा असेल. यादीतच आला नाही तर त्याला कोण सांगणार, की असा कागद आहे म्हणून?"

मग मी बैलाच्या गुळाचं कार्ड केलं.

संशोधन करणारा माणूस कागदाकडे मागणं घेऊन जातो. त्याला हवं असतं तेवढं घेतो आणि उठतो. त्यात गैर काही नाही, प्रबंध असाच होतो. पण यादी करणाऱ्याला मागणं नसतं. समोरचा कागद पुरता वाचायचा, तो काय म्हणतोय ते दोन ओळींत प्रामाणिकपणे लिहायचं, आणि तेही अजून जन्माला न आलेल्या वाचकासाठी. त्या दोन ओळी मला प्रबंधाच्या चाळीस पानांपेक्षा जड गेल्या. 'किरकोळ हिशेब' असं लिहून मोकळं व्हायचा मोह रोज व्हायचा. काका 'किरकोळ' हा शब्द खोडायचे.

पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. माझी पहिली दोन प्रकरणं त्या खंडांवरच उभी होती. त्या खंडांपाठी मोडी वाचून, उतरवून देणारे सहायक होते, हे मला माहीत होतं. त्यांच्या पाठी किती दुखल्या असतील, हे त्या खोलीत समजलं. राजवाड्यांनी तर गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून कागद खाली उतरवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली. पहिला खंड १८९८ चा, एकूण २२. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलला जातिव्यवस्थेवर प्रबंध लिहून आले, आणि ज्ञानकोशासाठी कंपनी काढून तिचे शेअर विकत हिंडले, लेखक जमवले, २३ खंड पुरे केले. मानव्यविद्येत डॉक्टरेट केलेल्याने पुढे काय करायचं, या प्रश्नाचं इतकं धडधडीत उत्तर मराठीत शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे, आणि आम्ही अजून मुलांना एकच वाट दाखवतो: सेट-नेट करा, जागा निघायची वाट पाहा.

ब्रिटनमध्ये याची रीतसर सोय आहे. तिथली कला आणि मानव्यविद्या संशोधन परिषद ज्यांना शिष्यवृत्ती देते, अशा संशोधकांना प्रबंध चालू असतानाच काही काळ एखाद्या संग्रहालयात, दप्तरखान्यात, नाट्यसंस्थेत काम करता येतं. ब्रिटिश लायब्ररीत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी तीन-तीन महिन्यांची कामं असतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत संशोधकाला आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन-साहाय्याचं काम देता येतं. ते चांगलंच आहे. पण ते विभागाच्या चार भिंतींतलं. रुमालाच्या खोलीपर्यंत ते पोचत नाही. तिथे गाइडबाईंची चिठ्ठी लागते, आणि प्रत्येकाला अशा बाई मिळत नाहीत.

आणि पैसे लागतात. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. जेआरएफ मिळालेल्याला आता महिना ३७,००० रुपये मिळतात. ज्यांना ती मिळत नाही, ती मुलं सकाळी तासिका तत्त्वावर शिकवतात, संध्याकाळी क्लास घेतात आणि रात्री प्रबंध लिहितात. त्यांना 'अनुभव मिळेल' म्हणून तीन महिने फुकट राबायला बोलावणं अन्याय आहे. संस्थांजवळ पैसा नसतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काका स्वतःच्या खिशातून खळीचा मैदा आणत. म्हणून हा खर्च विद्यापीठाने आणि सरकारने उचलायला हवा. कार्डं न झालेले रुमाल महाराष्ट्रभर पडून आहेत, मोडी येणारी पिढी थकत चालली आहे, आणि मानव्यविद्येतली तरुण मुलं काम मागत आहेत. इतक्या जवळ असलेल्या तीन गोष्टींची गाठ बसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या प्रबंधात त्या तीन महिन्यांतल्या दोनच तळटिपा आहेत. तिसरं प्रकरण मात्र मी नव्याने लिहिलं. छापील खंडांतला बाजार म्हणजे हुकूम, जकात आणि तंटे. कोठीच्या हिशेबांनंतर मला त्या बाजारातून घरी परतणारी माणसं दिसायला लागली.

यंदा दिवाळीनंतर मी माझ्या एका विद्यार्थिनीला तशीच चिठ्ठी देऊन पाठवली. तिचा विषय संगीत नाटक. तिने माझ्याकडे पाहिलं ते मी बाईंकडे पाहिलं होतं तसंच. विभागाच्या एका निधीतून तिच्या तीन महिन्यांची सोय झाली, त्यासाठी मात्र सहा महिने फायली फिरवाव्या लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"मॅडम, 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे अकराशे पंचाहत्तर ना?"

"हो. म्हणजे सतराशे चौऱ्याहत्तरचा मृग."

"बरं. ऐका ना, एका घोड्याचा पाय सुजलाय. त्याला काय काय लेप लावला, सगळं दिवसवार लिहिलंय. पाचव्या दिवसापर्यंत मला लागलं, पुढे कागद फाटलाय. पण याच रुमालात दुसरा तुकडा असणार, अक्षर तेच आहे. मी आज तो शोधूनच निघते."

तिने फोन ठेवला. नाटकाचं तिने काहीच विचारलं नव्हतं.