मालक गेल्यानंतरच्या मोटारी

जुन्या मोटारींविषयीची माझी आस्था कोल्हापुरात उपजली. ज्या गावात दसऱ्याच्या सायंकाळी छत्रपतींची स्वारी मेबॅक मोटारीतून सोने लुटण्यासाठी दसरा चौकात येते, आणि जिची एक झलक दिसावी म्हणून बायाबापड्या मुलांना कडेवर घेऊन दुपारपासून रस्त्याच्या कडेला जागा धरून बसतात, त्या गावातील मुलास मोटार हे केवळ इकडून तिकडे जाण्याचे साधन वाटणे संभवतच नव्हते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील ती जर्मन गाडी संस्थान विलीन झाले, तनखे रद्द झाले, तरी त्याच घराण्यात राहिली आणि आजही वर्षाकाठी एकदा आपल्या चाकांवर चालत लोकांसमोर येते. हे भाग्य फार थोड्या मोटारींच्या वाट्यास येते, हे मला पुढे कळावयाचे होते.

माझे मामा उद्यमनगरात फिटर होते. कोणा इनामदाराच्या किंवा वकिलाच्या वाड्यात वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी बैल लावून त्यांच्या दारात आणली जाई, आणि मालकाची इच्छा स्वाभाविकपणेच अशी असे की हँडल मारावे आणि इंजिन सुरू व्हावे. मामा हँडलला हातही लावीत नसत. आधी ते चारही प्लग काढीत, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल आणि रॉकेल यांचे मिश्रण सोडीत, आणि गाडी रात्रभर तशीच ठेवीत. कारण उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात आणि अशा स्थितीत बळ लावले तर त्या तुटतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हँडल घालून अगदी सावकाश, पाव फेऱ्याहून अधिक नाही, असे फिरवून पाहत आणि कान बॉनेटकडे लावीत. मला त्यांनी हँडल धरावयास शिकविले तेव्हा पहिली ताकीद दिली ती अंगठ्याची. इतर चार बोटे ज्या बाजूस तिकडेच अंगठा ठेवावयाचा, दांड्याभोवती वळवावयाचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल निसटून जाते, एरवी हाड मोडते. "अंगठा भाईर ठेव लेका, मनगाट जाईल," हे त्यांचे शब्द आजही मी जुन्या गाडीपुढे उभा राहिलो की माझ्या कानांत घुमतात.

शिक्षण संपल्यावर मी मुंबईस आलो आणि फोर्टमधील एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकुनी पत्करली. तो इस्टेट ड्यूटीचा काळ होता. 1953 च्या कायद्याने बसविलेला आणि 1985 मध्ये रद्द झालेला हा मृत्युकर आजच्या पिढीस ठाऊकही नाही. परंतु मोठ्या मिळकतीच्या वरच्या टप्प्यावर त्याचा दर शेकडा 85 पर्यंत चढत असे, आणि त्यामुळे कुटुंबप्रमुखाच्या निधनानंतर वारसांचा शोक आवरण्यापूर्वीच मालमत्तेची यादी, तिचे मूल्यांकन आणि विक्री यांचे दप्तर उघडावे लागे. जमीन वाटता येते, रोखे वाटता येतात, दागिनेही तोलून वाटता येतात. मोटार मात्र तीन वारसांत वाटता येत नाही. म्हणून संग्राहकाच्या मागे सर्वांत आधी लिलाव होतो तो बहुधा त्याच्या गाड्यांचाच. वारसांच्या कृतघ्नतेविषयी आपण अशा वेळी जे सहज बोलून जातो त्यात मला फारसे तथ्य दिसत नाही. बापाने आयुष्यभर ज्या वस्तूवर प्रेम केले त्या वस्तूवर मुलांनीही तितकेच प्रेम करावे, असा कोणताही करार नसतो. आणि ज्या गाडीस जागा, मिस्त्री, सुटे भाग आणि रोजची देखभाल लागते ती प्रेमाशिवाय सांभाळणे हे गाडीवरही अन्यायाचेच ठरते.

अशाच एका मिळकतीच्या कामासाठी मला दक्षिण मुंबईतील एका दिवंगत गृहस्थांच्या बंगल्यावर पाठविण्यात आले. जंगम मालमत्तेच्या यादीत त्यांच्या मोटारी लिहावयाच्या होत्या. मागील अंगणातील कौलारू गॅरेजमध्ये त्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या चादरीचे आच्छादन, चाकांखाली लाकडी ठोकळे, आणि आत शिरताच ग्रीस, जुने कातडे आणि दमट कापड यांचा एकवटलेला तो गंध, जो मला एका क्षणात उद्यमनगरात घेऊन गेला. मूल्यांकन करणारा तज्ज्ञ प्रत्येक गाडीसाठी एक ओळ लिहीत होता: कंपनी, साल, चॅसिस नंबर, इंजिन नंबर, स्थिती, अंदाजे किंमत. परंतु त्याच गॅरेजच्या कपाटात कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही सापडली, आणि तीत मालकाच्या हातची, बारीक आणि सुवाच्य इंग्रजी अक्षरे होती. कोणती गाडी कोणत्या संस्थानच्या मोटारखान्यातून विलीनीकरणानंतर विकत घेतली; तेथे ती कोण चालवीत असे; मॅग्नेटो कोणी पुन्हा गुंडाळून दिला; मूळ रंग कोणता होता आणि त्यावर दुसरा रंग कोणी व का चढविला; उजव्या मडगार्डवरचा पोचा कोणत्या लग्नाच्या वरातीत पडला. तज्ज्ञाची जेथे एक ओळ होती तेथे वहीत दोन-दोन पाने होती, आणि गाडीची खरी ओळख त्या पानांतच होती. यादीत मात्र त्या वहीस स्थान नव्हते, कारण तिची किंमत कोणालाच मांडता येईना.

आमच्या कचेरीतील ज्येष्ठ भागीदार हे फार जाणते गृहस्थ होते. वही कुटुंबाकडे राहावी, परंतु ज्या गाडीसंबंधीची जी पाने असतील त्यांची नक्कल त्या गाडीच्या खरेदीदारास कागदपत्रांबरोबर द्यावी, असे त्यांनी ठरविले, आणि ते टंकलेखन माझ्याकडे आले. लिलाव बंगल्याच्या आवारातच झाला. पुकारणाऱ्याने "एक वार, दोन वार" म्हणत हातोडा उचलला की क्षणभर सर्वत्र शांतता पसरे, आणि "तीन वार" होताच लगेच पुढच्या गाडीचा पुकारा सुरू होई. मालकाचा वृद्ध ड्रायव्हर एका बाजूस उभा होता. गाडी ज्याच्या नावे झाली त्याच्याकडे तो आपण होऊन जाई आणि त्यास अदबीने काही सांगे, मी जवळ होतो तेव्हा एकास तो म्हणत होता, "शेठ, सकाळच्याला चोक पुरा नाय ओढायचा, अर्ध्यावर ठेवायचा, मग ती एका फेऱ्यात बोलते." त्या दिवशी त्या आवारात झालेल्या सर्व व्यवहारांत मला हे दान सर्वांत मोलाचे वाटले, आणि ते कोणत्याही पावतीवर नोंदले गेले नाही.

विल्यम हॅरा यांची हकीकत मी प्रथम वाचली ती याच सुमारास, आणि आमच्या त्या बंगल्याच्या आवारात जे घडले तेच एका प्रचंड प्रमाणावर तेथे घडलेले पाहून मी चकित झालो. अमेरिकेतील नेव्हाडा संस्थानात रेनो या गावी 1937 मध्ये एका लहानशा बिंगोच्या दुकानापासून या गृहस्थांनी धंदा आरंभिला, तो जुगारगृहे आणि हॉटेले यांपर्यंत वाढविला, आणि मिळालेले द्रव्य मोटारींत ओतले. शेजारच्या स्पार्क्स गावातील गोदामांत त्यांनी सुमारे 1,400 मोटारी जमविल्या. तथापि संख्येपेक्षा मला त्यांची पद्धत अधिक महत्त्वाची वाटते. एखादी गाडी दुरुस्तीस घेण्यापूर्वी ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचा रंग, कातडे, दिवे, इतकेच नव्हे तर खिळे-स्क्रू कसे होते याचा शोध घेण्यासाठी त्यांनी स्वतंत्र संशोधन विभाग आणि ग्रंथसंग्रह उभारला होता. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी हॉलिडे इन्स या कंपनीने त्यांचा सारा व्यवसाय विकत घेतला, आणि व्यवसायाबरोबर या मोटारीही कंपनीच्या मालकीच्या झाल्या. त्या विकण्याचा विचार जाहीर होताच नेव्हाडातील लोकांनी मोठी हाकाटी केली. परिणामी कंपनीने 175 गाड्या आणि तो ग्रंथसंग्रह एका प्रतिष्ठानास दान दिला, आणि उरलेल्यांतील बहुतेक गाड्या 1984 पासून 1986 पर्यंत लिलावांत विकल्या.

त्या लिलावांत सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे बुगाती रोयाल. एत्तोरे बुगाती यांनी राजेमहाराजांसाठी म्हणून निर्मिलेली ही गाडी. साडेबारा लिटरांहून मोठे, ओळीत आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि रेडिएटरच्या टोपणावर सोंड उंचावलेला हत्ती, जो एत्तोरेंचे अकाली निधन पावलेले शिल्पकार बंधू रेम्ब्रां यांच्या शिल्पावरून घेतला होता. अवघ्या सहा गाड्या तयार झाल्या, आणि मंदीच्या त्या वर्षांत त्यांपैकी तीनच ग्राहकांस विकल्या गेल्या. एकही राजा गिऱ्हाईक म्हणून आला नाही. उरलेल्या कुटुंबाकडेच राहिल्या, आणि महायुद्धात जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून त्या भिंतीआड दडविण्यात आल्या. त्यांतील एक पुढे अमेरिकेत जाऊन, हातांतून हातांत फिरत हॅरांकडे आली, आणि 1986 च्या लिलावात ती 65 लाख डॉलरांस गेली. नव्या मालकाने ती जवळजवळ वर्षभर ठेवली आणि 81 लाखांस दुसऱ्यास विकली. या आकड्यांनी दिपून जाणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्या वर्षभराचा विचार अस्वस्थ करतो. ज्याने गाडी घेतानाच विकण्याचा हिशेब मांडला असेल, तो तिच्या चोकची सवय कशाला शिकेल?

माझी कन्या विवाहानंतर कॅलिफोर्नियात स्थायिक झाली, आणि तिच्याकडे गेलो असता तिने व जावयांनी मला मुद्दाम सिएरा नेव्हाडाचा घाट ओलांडून रेनोस नेले. ट्रकी नदीच्या काठी 1989 मध्ये उघडलेल्या संग्रहालयात हॅरांच्या संग्रहातील त्या दान दिलेल्या गाड्या आहेत. तेथे मी सर्वाधिक वेळ थांबलो तो 1907 च्या थॉमस फ्लायरपुढे. 12 फेब्रुवारी 1908 रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून पॅरिसकडे निघालेल्या शर्यतीत सहा गाड्या होत्या; हिमवर्षावातून अमेरिका ओलांडून, बोटीने जपानला, तेथून व्लादिवोस्तोक, सैबेरिया असा तो मार्ग. 30 जुलैस थॉमस फ्लायर पॅरिसमध्ये पोहोचली. जर्मनांची प्रोटोस चार दिवस आधी आली होती. परंतु काही अंतर तिने रेल्वेवर लादून काटले होते, म्हणून दंडाचे दिवस धरता विजय थॉमसला मिळाला. पुढे ही विजयी गाडी विस्मृतीत गेली. 1964 मध्ये हॅरांनी एक मोडकीतोडकी थॉमस विकत घेतली, परंतु तीच ही, असे छातीठोकपणे सांगणार कोण? शर्यतीत ती चालविणारे जॉर्ज शूस्टर तेव्हा हयात होते. नव्वदी उलटली होती. त्यांना रेनोस बोलावण्यात आले. गाडी सुटी करून सांगाडा उघडा केला, तेव्हा वाटेत तुटलेल्या चौकटीस आपण स्वतः केलेली डागडुजी त्यांना दिसली आणि त्यांनी गाडी ओळखली. मग हॅरांनी ती कारखान्यातून निघाली तशी चकचकीत न करता पॅरिसमध्ये पोहोचली तेव्हा जशी होती तशी करवून घेतली. नवी चौकट टाकून जुनी भंगारात दिली असती तर ती ओळख कायमची पुसली गेली असती. मामांच्या पसंतीस हे पुरते उतरले असते.

लिलावाने संग्रह मोडतो हे खरे, आणि एका माणसाच्या डोळ्यांनी निवडलेल्या वस्तू वेगवेगळ्या दिशांस जाताना पाहून दुःख होते हेही खरे. तरीही गाड्यांच्या विखुरण्याचे मला भय वाटत नाही. गाडी चालविणाऱ्याच्या हाती गेली तर ती वाचते. बंद गॅरेजमध्ये तिच्या रिंगा चिकटतात, रबरे तडकतात, टायर एका जागी चपटे होतात. भय वाटते ते हकीकत तुटण्याचे. काही वर्षांपूर्वी मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळ जुन्या मोटारींच्या संचलनात एका गाडीच्या पुढच्या आसनावर, प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेले दोन कागद मला दिसले. कार्बनची ती निळसर नक्कल माझ्याच हातची होती. गाडीचे तरुण मालक तिचे चौथे की पाचवे धनी होते. ज्यांनी ती वही लिहिली त्यांचे नावही त्यांनी केवळ त्या कागदांवरूनच जाणले होते, परंतु वरातीतील पोच्याची कथा त्यांनी मला इतक्या आपुलकीने सांगितली की जणू ती त्यांच्याच घरच्या लग्नाची होती. त्यांनी तो पोचा मुद्दाम तसाच ठेवला आहे.

2021 पासून आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींची निराळी नोंदणी होते. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात, आणि नव्या नोंदणीस 20,000 रुपये पडतात. सरकारी दप्तरात जुन्या गाडीस स्थान मिळाले ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या दप्तरात चॅसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. मॅग्नेटो कोणी गुंडाळला ते नसते. मुंबईच्या रस्त्यांवरून 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, आणि ज्या कुर्ल्यात ती घडली तेथील कामगार आता वयोवृद्ध झाले आहेत. म्हणून महाराष्ट्रात ज्यांच्या दारी आजोबांची फियाट, वडिलांची अँबॅसडर किंवा त्याहून जुनी एखादी गाडी उभी असेल, त्यांस माझे सांगणे आहे: तिच्या जुन्या मिस्त्रीस आणि ड्रायव्हरला, ते हयात आहेत तोवर, घरी बोलवा, चहा द्या, ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि तो कागद आर.सी. पुस्तकाबरोबर एकाच पाकिटात ठेवा.