बंड्याचं डाएट, बाबांचं बिस्किट

डाएट म्हटलं की आपल्याला जिम, सॅलड आणि येत्या सोमवारपासून सुरू होणारे संकल्प आठवतात. आमच्या घरात मात्र सध्या डाएटवर आहे तो बंड्या. वय ११ वर्षं, ब्रीड लॅब्रॅडॉर, छंद एकच : खाणं.

लॅब पाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. जेवून पाच मिनिटं होत नाहीत तोच हा प्राणी असा बघतो, की जणू तीन दिवसांचा उपाशी. त्यात थोडं नाटक असतं, थोडं खरंही असतं. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि त्यामुळे त्याला खाण्याची ओढ जास्त असते, हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं. थोडक्यात काय, तर त्या केविलवाण्या डोळ्यांकडे बघून वाटी भरायची नसते.

मग काय बघून भरायची? पहिला फंडा वयाचा. लॅबसारख्या मोठ्या ब्रीडच्या पिल्लाला मोठ्या ब्रीडच्या पिल्लांसाठीचंच खाणं हवं. त्यावर प्रेमापोटी कॅल्शियमची पावडर टाकायची नाही, कारण जास्तीच्या कॅल्शियमने वाढती हाडं बिघडतात. उलट घरच्या नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फारच कमी पडतं. त्यामुळे घरचंच द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. पाकिटावर ‘प्रीमियम’ किती मोठ्या अक्षरांत छापलंय ते सोडा. हे अन्न परिपूर्ण आणि संतुलित आहे का आणि कुठल्या वयासाठी आहे, ती बारीक ओळ शोधा.

दुसरा फंडा मापाचा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर आयुष्यभर जोडीजोडीने वाढवले होते. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं मिळायचं. हे कमी खाणारे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे चिक्कार झाली!

तिसरा फंडा तब्येतीचा. तो आमच्या घरात या वर्षी आला. बंड्या पाणी जास्त प्यायला लागला होता, रात्री दोनदा खाली न्यावं लागायचं. रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘किडनी थकलीय. बरी होणार नाही, पण सांभाळता येईल. औषधाइतकंच खाणं महत्त्वाचं.’’

किडनी थकली की शरीरातला फॉस्फरस बाहेर पडत नाही, साठत जातो आणि किडनीला आणखी थकवतो. म्हणून अशा कुत्र्याचं खाणं वेगळं : फॉस्फरस कमी, मीठ कमी, प्रोटीन बेताचं पण चांगल्या प्रतीचं. हाडं बंद, पनीर बंद, दूध बंद. नवं खाणं जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदलायचं, नाहीतर पोट बिघडतं. म्हातारा झाला म्हणून धडधाकट कुत्र्याला हेच द्यायचं नाही. किडनी ठीक असेल तर म्हातारपणात स्नायू टिकवायला प्रोटीन लागतंच.

हे सगळं मला पटलं. प्रश्न होता बाबांचा. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, बाबांचा संध्याकाळचा चहा बंड्यासोबत असतो. तीन बिस्किटं : दोन बाबांची, एक त्याचं. मी डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला तेव्हा बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘अगं, त्याचे दिवस किती राहिलेत आता? तेवढं तरी खाऊ दे ना.’’

यावर काय बोलणार? फॉस्फरसचे आकडे मला पाठ होते, पण बाबा फॉस्फरसबद्दल बोलतच नव्हते. मी एवढंच म्हटलं, ‘‘बाबा, चहाला त्याने तुमच्यासोबत बसायलाच हवं. म्हणून तर हे सगळं.’’

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा ताब्यात घेतला. रिटायर्ड बँकवाला माणूस! आता एक वही आहे. त्यात सकाळचे ग्रॅम, संध्याकाळचे ग्रॅम आणि दर रविवारचं वजन, सगळं नोंदलेलं. बिस्किटाच्या जागी डॉक्टरांना विचारून सफरचंदाची एक फोड आली, बिया काढून. बंड्याने पहिल्या दिवशी ती नुसती हुंगली. तिसऱ्या दिवशी बाबांच्या हातातून घेतली.

गेल्या दोन तपासण्यांत क्रिएटिनिन वाढलेलं नाही. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तेव्हा काय निघेल ते डॉक्टरही सांगत नाहीत, आणि बाबा विचारतही नाहीत. ते वहीत पुढच्या महिन्याच्या तारखा आखून ठेवतात.

तुमच्याकडे सात-आठ वर्षांचा कुणी असेल, तर या शनिवारी मॉलऐवजी डॉक्टरांकडे चक्कर मारा. रक्त-लघवी तपासून घ्या, वजन करा, आणि त्याला दिवसभरात कोण काय काय भरवतं ते घरातल्या प्रत्येकाला विचारा. शेवटचा प्रश्न जरा हळू आवाजात.