छाटलेली वेल

दुरुस्तीला आलेल्या चर्चच्या जुन्या काचचित्रांत द्राक्षाचा घड बऱ्याचदा असतो. पुस्तकं त्याचा अर्थ एका ओळीत उरकतात: घड म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, गव्हाची ओंबी म्हणजे त्याचं शरीर. खरं आहे ते. पण जुन्नर तालुक्यात वाढलेल्या माझ्यासारख्याचं तेवढ्यावर भागत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायात, क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की वेल मी, फांद्या तुम्ही आणि बागवान माझा पिता. फळ न देणारी फांदी तो काढून टाकतो. फळ देणारीलाही छाटतो, अधिक फळावी म्हणून. नारायणगावाकडच्या बागांत हे दरवर्षी चालतं. एप्रिलच्या खरड छाटणीत, नुकताच घड देऊन मोकळी झालेली काडीच कात्रीखाली येते. मांडवावर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड जुने हात, उरतात. कापल्या जागेतून पाणी ठिबकत राहतं, पुढं तिथलेच डोळे फुटतात, आणि ऑक्टोबरात पुन्हा कात्री. शहरातल्या भाविकाला छाटणी म्हणजे शिक्षा वाटते. आमच्याकडं मालकानं सोडून दिलेल्या बागेलाच तेवढी कात्री लागत नाही.

चित्रकारांनी खिडक्यांत रंगवले ते भरलेले घड. कात्री दिसत नाही, याची मला खंत आहे. मात्र खिडकीतलं वेलीचं पान घडवताना काच कापावीच लागते. काच सरळ तुटायला बघते. द्राक्षाच्या पानाच्या आतल्या वळणाला ती एका दमात येत नाही. कटरनं रेघ मारायची, हलकं ठोकायचं, उरलेलं चिमट्यानं कुरतडत आणायचं. शिरा लोहाच्या ऑक्साइडच्या रंगानं काढून भट्टीत साडेसहाशे अंशांच्या आसपास भाजल्या की त्या काचेशी एकजीव होतात. मग खोबणीच्या शिशाच्या पट्ट्या, सांध्यांना डाख, फटींत लांबी. उजेडात शिसं काळंच दिसतं. प्रत्येक काळी रेघ म्हणजे एक काप, आणि त्या रेघांमुळंच पान पान दिसतं.

कापातून घडलेल्या काचेवरून आठवते ती मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलची खिडकी. हे कॅथेड्रल 1718च्या नाताळात उघडलं. चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच पडलं. वेदीवरच्या खिडकीत मीखाएल आणि गब्रीएल या दोन देवदूतांच्या मधोमध येशूचा शिष्य संत थोमा उभा आहे. परंपरेनं तो बांधकाम करणाऱ्यांचा संत, गुण्या ही त्याची खूण. तो भारतात आला अशी श्रद्धा आहे. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशानं ख्रिस्ती असल्याचं नोंदवलेलं एक ठिकाण कल्याण होतं, असं मानतात. तिथून नाणेघाटानं वर आलं की आमचं जुन्नर.

येशू मरणातून उठल्याचं ऐकल्यावर हाच थोमा म्हणाला होता की त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या व्रणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. देवदूतांना असा प्रश्न पडला नाही, तरी खिडकीतली मधली जागा थोमाला मिळाली. हातानं काम करणाऱ्या मला ती फार योग्य वाटते. येशूनं त्याला झिडकारलं नाही, हात पुढं केले. मरणातून उठल्यावरही त्या हातांवरच्या जखमा तशाच होत्या.