वहीतला राहिलेला रकाना

महसूल खात्यात ३४ वर्षे घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला रकाने आखल्यावाचून कोणतीही गोष्ट खरी वाटत नाही. म्हणूनच वयाच्या ५१ व्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले त्या दिवशी औषधाच्या दुकानाआधी मी गाठले ते वह्यांचे दुकान. त्या वहीत उपाशीपोटीची साखर, जेवणोत्तर साखर, भाकरींची संख्या, चाललेले अंतर आणि गोळ्यांच्या वेळा असा सारा जमाखर्च मी पंधरा वर्षे एकही खाडा न करता लिहीत आलो. दर तीन महिन्यांनी होणाऱ्या एचबीएवनसी या तपासणीला मी त्रैमासिक झडती म्हणत असे. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि त्या मुदतीत तिला जी साखर चिकटते तिचेच हे मोजमाप असल्यामुळे, आदल्या दोन दिवसांच्या कडक पथ्याने तेथे कोणाची डाळ शिजत नाही.

माझी मात्र एक बाकी कधीच निघत नव्हती. रात्री आठला जेवून, त्यानंतर पाण्यावाचून काही न घेता निजलेल्या माणसाची साखर पहाटे १८० च्या घरात कशी जाते? ज्या रकमेची जमेस नोंद नाही ती शिलकेत निघावी, असा तो प्रकार होता. साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे सोडू लागतात, तिच्याबरोबर पाणी जाते, घसा कोरडा पडतो आणि माणूस पुन्हा पाणी पितो. या चक्रात रात्रीतून तीनदा उठणे मला वयोमानाचा धर्म वाटे. त्याची भरपाई मी दुपारी करीत असे. इतरांची वामकुक्षी घटकाभराची असते, माझी दोन तासांची होती. आणि एवढे होऊनही रामनवमीच्या उत्सवात कीर्तनाच्या ऐन पूर्वरंगात मला अशी काही डुलकी लागली की, बुवांनी पेटी थांबवून, साथ मिळाली तर सुरात मिळावी, असे हसत सुनावले. सभामंडप हसला. कुटुंब हसले नाही.

आमच्या आळीतील एक वयोवृद्ध वैद्य माझे स्नेही. त्यांचे म्हणणे असे की, चरकाने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले खरे, पण प्रमेहाची कारणे सांगताना झोपेच्या सुखासक्तीचाही त्यात समावेश केला; तेव्हा मी कमी निजावे. मी तसे करून पाहिले आणि साखर आणखी वाढली. दोष चरकाचा नव्हे. मी जिला झोप समजत होतो, ती झोपच नव्हती.

हे उघडकीस आले ते एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या समोर. त्यांनी माझी वही कौतुकाने चाळली, मिटली आणि विचारले, “काका, रात्री श्वास अडकतो का तुमचा?” मी ठामपणे नाही म्हणालो. शेजारून कुटुंबाने शांतपणे सांगितले, “थांबतो ना. घोरता घोरता एकदम गप्प होतात. मी अंधारात आकडे मोजत बसते. विसाच्या पुढे गेले की कोपर मारते.”

“हे तू मला कधी सांगितले नाहीस?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, घोरणाऱ्याची झोप गाढ असते.”

पुण्यास जाऊन, डोक्याला, छातीला आणि बोटाला वायरी लावून घेऊन एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी हाती पडलेल्या अहवालाइतका निरुत्तर करणारा कागद मी साऱ्या नोकरीत पाहिला नव्हता: तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडखळलेला, आणि रक्तातील प्राणवायू ७८ टक्क्यांपर्यंत उतरलेला. घशाचे स्नायू सैलावून वाट मिटते, प्राणवायू घटतो, मेंदू घाबरून शरीराला क्षणभर जागे करतो. त्या प्रत्येक वेळी संकटकाळची संप्रेरके रक्तात उतरतात, यकृताला साठ्यातली साखर सोडण्याचा हुकूम होतो आणि इन्शुलिनची हुकमत ढिली पडते. माझ्या नोंद नसलेल्या रकमेचा उगम असा होता.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक हकीकत सांगितली. शिकागोत ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार-चार तास अंथरुणावर राहू दिले, तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची शक्ती मंदावली; तो प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. असे असूनही, मधुमेहाच्या उपचारात आहार व हालचालीच्या पंक्तीला झोपेला बसवण्याचे काम अमेरिकेच्या आणि युरोपच्या मधुमेह संस्थांनी संयुक्तपणे केले ते २०२२ साली. तेवीस वर्षे! सरकारी दप्तरदिरंगाईची थट्टा करणाऱ्यांना हे ऐकवावे असे मला वाटले.

आता मी नाकावर मुखवटा लावून निजतो. हवेचा दाब घशाची वाट उघडी ठेवतो. हे यंत्र १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी प्रचारात आणले. पहिला आठवडा असह्य होता, दुसरा लाजिरवाणा. नातवाने मला हत्ती ठरवले. मुखवट्याने साखर उतरेलच अशी हमी नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले होते, कारण त्याबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. माझा एचबीएवनसी ८.४ वरून ७.७ वर आला. त्यात मुखवट्याचा वाटा किती आणि ताजेपणी सकाळी वाढलेल्या चालण्याचा किती, याची फोड मला करता आलेली नाही. रात्रीचे उठणे मात्र एकावर आले आहे आणि वामकुक्षी वीस मिनिटांवर.

वहीत निद्रेचा रकाना आखला, तेव्हा ध्यानात आले की निजलेल्याला तो भरता येत नाही. तो कुटुंबाच्या अक्षरात आहे. परवा पाने उलटताना तिथे एक नोंद दिसली: “२ वाजता जाग. आवाज नाही. उठून पाहिले, श्वास चालू.” मागची पाने पाहिली; जवळजवळ रोज तेच, कधी दोन, कधी साडेतीन. वीस वर्षे आवाजाने जागी राहिलेली बाई आता शांततेने जागी होते. तिची साखर शेवटची केव्हा तपासली, हे त्या वहीत कोठेही नाही. येत्या सोमवारी उपाशीपोटी दोघांनीही जायचे ठरले आहे.