बहात्तर धाग्यांची गाठ

डहाणूत मसोली असो की पुढे घोलवड, बोर्डी. चिकूच्या वाड्यांमधून पहाट जरा उशिराच खाली उतरते. अशा वेळी एखाद्या जुन्या इराणी घराच्या ओट्यावर कुणी वयस्क माणूस उजेडाकडे तोंड करून उभा राहतो. कमरेची पांढरी लोकरी दोरी सोडून दुपदरी धरतो आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणू लागतो. ‘शिकस्ते’ हा शब्द आला की दोरीला हलका झटका बसतो. जे वाईट आहे ते झटकून टाकलं जातं. मग दोरी कपाळाला लावायची आणि कमरेभोवती तीन वेढे घ्यायचे: सद्विचार, सद्वचन, सत्कृत्य. दोन गाठी पुढे, दोन मागे.

पारशी आणि इराणी जरथुश्ती लोकांच्या या दोरीचं नाव कुस्ती.

नवजोतच्या, म्हणजे धर्मदीक्षेच्या, दिवशी मुलाला किंवा मुलीला ती पहिल्यांदा बांधतात, सुदऱ्यावरून. सुदरा म्हणजे पांढऱ्या सुती कापडाचा सदरा. त्याच्या गळ्याशी बोटभर रुंदीचा एक खिसा असतो, गिरेबान. त्यात पैसे ठेवायचे नसतात. पुण्यकर्मं साठवायची असतात. आपल्याकडे मुंजीत बटूच्या कमरेला मुंज गवताची मेखला तीन वेढ्यांनी बांधतात. ज्याने ती पाहिली आहे, त्याला ही दोरी परकी वाटणार नाही.

कमरेला काहीतरी बांधून माणसाला आपल्यात घेण्याची रीत मुंबईच्या फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये, फ्रीमेसन या बंधुसंघातही आहे. तिथे नवागताच्या कमरेला कोकराच्या कातड्याचा कोरा पांढरा एप्रन बांधतात. पुढच्या पायरीला त्यावर दोन निळी फुलं येतात. तिसऱ्या पायरीला तीन फुलं आणि निळी किनार. अधिकाऱ्यांच्या गळ्यातली पदकं म्हणजे गवंड्याची हत्यारं: लॉजच्या, म्हणजे शाखेच्या, प्रमुखाला गुण्या, त्याच्या खालच्या दोघांना पाणसळ आणि ओळंबा. काटकोनात वागावं, सगळ्यांना एका पातळीवर धरावं, सरळ उभं राहावं. बोटातल्या अंगठीवर गुण्या आणि कंपास एकमेकांत अडकवलेले असतात.

या दोन रिती मुंबईत एकाच अंगावर आल्या. माणेकजी करसेटजी यांना मुंबईच्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी फ्रान्समध्ये दीक्षा घेतली. 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, ते हिंदी माणसांसाठी. पारशी तिथे मोठ्या संख्येने आले. आत सुदरा आणि कुस्ती, वर एप्रन. धर्मविधींचे अभ्यासक जीवनजी जमशेदजी मोदी स्वतः फ्रीमेसन होते. त्यांचा ‘मेसॉनिक पेपर्स’ हा लेखसंग्रह 1913 साली निघाला. एक कोकराचं कातडं, दुसरी कोकराची लोकर. दोन्ही पांढरी, दोन्ही निष्पापपणाची खूण. हे साम्य अशा माणसांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

पण फरकही मोठा आहे. एप्रन बैठकीपुरता. बैठक संपली की घडी करून पेटीत जातो. कुस्ती मात्र उठल्यावर, आंघोळीनंतर, प्रार्थनेआधी, जेवणाआधी सुटते आणि पुन्हा बांधली जाते. एप्रनवर पायरीगणिक फुलं वाढतात. कुस्ती मोबेदाची, म्हणजे धर्मगुरूची, असो की वाडीवाल्याची, धागे बहात्तरच. यस्ना या धर्मग्रंथाचे अध्याय बहात्तर, म्हणून. या धाग्यांचे बारा-बाराचे सहा गट पडतात: बारा महिने आणि वर्षातले सहा गहंबार, म्हणजे ऋतूंचे सण. शेवटी दोन्ही टोकांना तीन-तीन गोंडे. शोभेसाठी म्हणून तिच्यात काही नाही.

अंगठीच शोधायची तर फरवहर या जरथुश्ती धर्मचिन्हाच्या हातात पाहावी. पंख पसरलेल्या त्या आकृतीच्या हातात एक कडं असतं. ते दिलेल्या शब्दाचं कडं, असं श्रद्धाळू मानतात.

तो शब्द या भागात पाळला गेला आहे. पारशांची जुनी वसाहत संजाण आक्रमणात पडल्यावर तिथला पवित्र अग्नी घेऊन लोक बहारोटच्या डोंगरावर चढले. परंपरा सांगते की त्या गुहांमध्ये त्यांनी तो बारा वर्षं जपला. ना मंदिर, ना घंटा; असेल ती अंगावरची सुदरा-कुस्ती. तोच इराणशाह अग्नी 1742 पासून उदवाड्यात तेवतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांनी डहाणूत घरं केली, चिकू रुजवला, आणि त्यांच्याही कमरेला हीच दोरी होती.

ती विणणं फार चिवट काम आहे. सूत हाती काततात, छोट्या मागावर नळीसारखी पोकळ पट्टी विणतात, मोबेद प्रार्थना म्हणत ती कापतो, मग सुईने आतली बाजू बाहेर काढतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मोबेद घराण्यांतल्या बायका करत आल्या. नवसारी त्यांचं मोठं ठाणं. आता असे हात कमी उरलेत. ज्यांच्या घरी आजीचा माग अजून माळ्यावर असेल, त्यांनी तो खाली काढावा आणि घरातल्या एखाद्या मुलीला, किंवा मुलालाही, त्याच्यापुढे बसवावं.