तूप थिजलं असतं तर

ग्रीस नसलेला सांधा जास्त भरवशाचा की कमी, हे मला ठरवता येत नाही. तेलविहिरीत उतरणाऱ्या पाइपांच्या आट्यांना शिसं, जस्त, तांबं आणि ग्रॅफाइट मिसळलेलं ग्रीस फासायची जुनी रीत. आवळताना आटे एकमेकांत अडकून सोलवटू नयेत म्हणून, आणि बारीक फटी बुजाव्यात म्हणूनही. आता कारखान्यातच कोरडा लेप चढवलेले आटे मिळतात. कामगाराच्या हातचा ब्रश गेला, समुद्रात पडणारं शिसंही गेलं.

या गेलं-गेलंवरून ‘तेलही गेलं, तूपही गेलं’ आठवलं आणि डोक्यातून जाईना. गोष्टीतला तो भोळा धुपाटण्याच्या एका वाटीत तेल घेतो, तुपासाठी ते उलटं करतो. घरी ‘तेल कुठाय?’ म्हटल्यावर पुन्हा उलटं. सगळे त्याला हसतात. मला मात्र शंका ऋतूची. पौषातली पहाट असती तर तूप थिजून वाटीला धरून राहिलं असतं, आणि निदान तूप तरी घरी पोचलं असतं. माणूस तोच, धुपाटणं तेच. कोण जाणे, त्यानं आधी एकदा थंडीत हे करून पाहिलं असेल, आणि जमलंही असेल!

दोन पाइप जोडणाऱ्या कपलिंगलाही धुपाटण्यासारखी दोन्हीकडं तोंडं. गार असताना ग्रीस फट धरून ठेवतं, सांधा वायूच्या दाबालाही गळत नाही. अल्बर्टात वाळूतलं डांबरासारखं तेल पातळ करायला २०० अंशांच्या वरची वाफ सोडतात. तिथं ग्रीसमधलं तेल उडून जातं. म्हणून चाचणीत सांधा आधी भाजून ग्रीस सुकवतात, मगच वायू भरतात. शिवाय विहिरीत १०० मीटर पाइप २०० अंशांनी तापला, तर सुमारे २४ सेंटीमीटर वाढू पाहतो. भोवतीचं सिमेंट वाढू देत नाही. नेहमीचं के-५५ पोलाद त्या दाबाखाली कायमचं आखडतं, आणि गार होताना तेच सांधे ताणले जातात.

या सगळ्यातून कोरड्या लेपाचा सांधा पार पडला, तर पास कोण झालं? पोलादावर घट्ट टेकलेलं पोलाद, की मधला लेप? लेप काढून पाहावं, तर आवळतानाच आटे सोलवटायची भीती. म्हणजे नुसत्या सांध्याची परीक्षा घ्यायची कशी? ग्रीसवरचा माझा संशय लेपावर सरकलाय, एवढंच. तिथंही तो टिकेल असं वाटत नाही.